मुशी समोर येते तेव्हा

वाणगाव स्टेशनवर उतरून पश्चिमेला गेले की चिंचणी आणि वाढवण यांच्या मधे वरोर लागते. ओहोटीला इथला समुद्र लांबवर मागे सरतो आणि काळ्या खडकांचा सपाट पट्टा उघडा पडतो. पाणी निळे नाही. ते मातकट, दाट, चहासारखे आहे. उत्तरेला खंभातच्या आखातात तापी-नर्मदेचा गाळ येऊन पडतो आणि पाच मीटरच्या आसपास चढउतार असलेली भरती तो सतत ढवळत राहते. या पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत.

या किनाऱ्यावर शार्कला ‘शार्क’ कोणी म्हणत नाही. ती मुशी. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे तिची मोरी होते. हातभर लांबीची, टोकदार चपट्या नाकाची मुशी बोंबील-वाकटीबरोबर डोल जाळ्यात येते, टोपलीत बसून बाजारात जाते, तिचे तिखट कालवण होते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालण्याची रीत किनाऱ्यावरच्या घरांत जुनी आहे. जी मुलगी माहेरी बाळंतपणात मुशीचे कालवण खाते, तीच थिएटरात शार्कचा चित्रपट पाहताना खुर्चीचा हात घट्ट धरते. मासा एकच. एका ठिकाणी तो ताटात आहे, दुसऱ्या ठिकाणी आपण त्याच्या ताटात असल्याची भीती आहे.

या दोन चित्रांच्या मधे जो प्रश्न उरतो तो तसा साधा आहे. पाण्यात आपण असताना मुशी खरोखर जवळ आली तर काय करायचे? स्कूबा शिकवणाऱ्या संस्था याचे उत्तर ठरावीक नियमांत देतात, आणि ते नियम चांगले आहेत. पण ते स्वच्छ पाण्यात तयार झाले आहेत. वरोरच्या पाण्यात, वैतरणेच्या खाडीत आणि होडीतल्या जाळ्याशी तोच प्रश्न वेगळा होऊन येतो. म्हणून या लेखात तिन्ही ठिकाणची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहायची आहेत.

मनोरची घटना

२०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात पालघर तालुक्यातल्या मनोरजवळ वैतरणा नदीच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणावर मोठ्या शार्कने हल्ला केला. पायाचा लचका तुटला आणि त्याला पाय गमवावा लागला. नंतर तो मासा खाडीत मृतावस्थेत मिळाला. मनोर हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, डोंगरांच्या पायथ्याचे, बराच आतला भाग. समुद्रात पोहताना शार्क आला असता तर लोकांना एवढा धक्का बसला नसता. नदीत शार्क येतो कसा, हा प्रश्न त्या आठवड्यात जिल्हाभर विचारला गेला.

उत्तर प्राणिशास्त्रात आहे. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तग धरू शकत नाहीत. त्यांच्या रक्तात मीठ आणि युरिया यांचे प्रमाण असे असते की गोड्या पाण्यात गेल्यावर बाहेरचे पाणी शरीरात शिरत राहते आणि मीठ निसटत जाते. बुल शार्क ही जात याला अपवाद आहे. ती आपल्या रक्तातला युरिया कमी करते, मूत्रपिंडावाटे भरपूर पाणी बाहेर टाकते आणि मीठ बाहेर फेकणाऱ्या ग्रंथीचे काम मंदावते. त्यामुळे ती खाडीतून नदीत आणि नदीतून परत समुद्रात सहज जाऊ शकते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा सरोवरात ती राहते. १९३७ साली अमेरिकेच्या मिसिसिपी नदीत समुद्रापासून हजारभर मैलांहून अधिक आत, इलिनॉय राज्यातल्या आल्टन गावापाशी ती पकडली गेली होती. खाडीच्या मुखाशी आणि आतल्या उथळ पाण्यात तिची पिल्ले जन्मतात, कारण मोठ्या शार्कपासून तिथे त्यांना संरक्षण मिळते. मनोरच्या घटनेनंतरही तज्ज्ञांचा रोख बुल शार्ककडेच होता.

आपल्या किनाऱ्याचे पाणी किती प्रकारच्या मुशी बाळगून आहे याचा आणखी एक पुरावा मुंबईच्या ससून डॉकमध्ये मिळाला. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथे उतरवलेल्या मासळीत संशोधकांना गंगा शार्कची अडीच मीटरहून मोठी मादी आढळली. ही जात जगातल्या अत्यंत दुर्मीळ शार्कपैकी एक. तिच्या नावावर पूर्वी गंगा-हुगळीतल्या अनेक हल्ल्यांचे खापर फुटले. अभ्यासकांच्या मते त्यातले बरेच हल्ले बुल शार्कचे असावेत. दोघी दिसायला इतक्या सारख्या की चूक होणे सोपे. म्हणजे जिला आपण गुन्हेगार ठरवले ती बहुधा निर्दोष, आणि तीच नाहीशी होण्याच्या मार्गावर. मुशी ओळखण्यातली चूक मुशीला महाग पडते, तशी कधीकधी माणसालाही पडते.

मुशीला आपण कसे कळतो

समोर आलेल्या प्राण्याशी कसे वागावे हे ठरवण्याआधी त्याला आपण कसे दिसतो हे समजून घ्यावे लागते. शार्कच्या बाबतीत ‘दिसणे’ हा शब्द अपुरा आहे. लांबून तिला सर्वांत आधी कळतो तो आवाज, आणि तोही खालच्या पट्टीतला, धडपडणाऱ्या माशाच्या थरथरीसारखा. त्यानंतर वास. शार्कला मैलोगणती अंतरावरून रक्ताचा थेंब कळतो ही अतिशयोक्ती आहे. वास पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पोचतो आणि प्रवाहाच्या दिशेवर सगळे अवलंबून असते. आणखी जवळ आल्यावर अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदक रेषेतून तिला पाण्यातली हालचाल जाणवते. मग डोळे. उजेड कमी असतानाही तिचे डोळे चांगले काम देतात.

शेवटच्या हातभर अंतरात एक वेगळेच इंद्रिय जागे होते. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रे असतात. १६७८ साली इटलीतल्या स्टेफानो लोरेंझिनीने त्यांचे वर्णन केले, पण ती कशासाठी आहेत हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९७१ साली डच शास्त्रज्ञ आड्रियानुस काल्मिन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाळूत एक चपटा मासा पुरला, त्यावर वास आणि दृश्य अडवणारे पण विजेला वाट देणारे आवरण घातले. शार्कने तो मासा बिनचूक शोधला. मग माशाऐवजी वाळूत केवळ दोन विद्युताग्रे पुरली, आणि शार्क त्यांनाही चावायला गेली. जिवंत स्नायूंतून आणि हृदयातून निघणारी अत्यंत क्षीण वीज तिला कळते. म्हणून वाळूत गाडलेला मासा तिच्यापासून लपत नाही.

या माहितीतून एक गोष्ट स्पष्ट होते. जवळ आलेली मुशी बऱ्याच वेळा आपल्याबद्दल चौकशी करत असते. माणूस तिच्या नेहमीच्या खाण्यात नाही. हात-पाय झाडणारा, रबराचा वास येणारा, बुडबुडे सोडणारा हा कोण, हे तिला कळून घ्यायचे असते. तिला हात नाहीत. कळून घेण्याचे शेवटचे साधन तोंड आहे. हीच आपली अडचण. मोठ्या मुशीची एक चौकशी माणसाचा जीव घेऊ शकते. तेव्हा तिला तोंडापर्यंत पोचू न देता चौकशी संपवायला लावणे, हे पाणबुड्याचे काम.

स्वच्छ पाण्यातले नियम

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी ॲक्वालंग तयार केले आणि माणूस पहिल्यांदा मोकळेपणाने पाण्याखाली हिंडू लागला. सुरुवातीच्या पाणबुड्यांजवळ शार्कविषयी फक्त खलाशांच्या गोष्टी होत्या. मोठ्याने ओरडावे, बुडबुडे सोडावेत, हात हलवावेत, असे उपाय करून पाहिले गेले. काही शार्क दचकल्या, काहींनी लक्षही दिले नाही. उपायांची जागा निरीक्षणाने घ्यायला आणखी तीस वर्षे लागली.

१९७३ साली रिचर्ड जॉन्सन आणि डोनाल्ड नेल्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटाजवळ करड्या प्रवाळमुशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते मुद्दाम तिच्या अंगावर पोहत गेले, तिला प्रवाळाच्या कोपऱ्यात अडवले आणि ती काय करते ते टिपले. अडकलेली मुशी लगेच चावली नाही. तिने आधी इशारा दिला. पाठीला बाक आला, नाकाड वर उचलले गेले, छातीजवळचे दोन्ही पर ताठ खाली झुकले आणि ती अख्खे अंग अतिरेकाने डावी-उजवीकडे हेलकावत पोहू लागली. पळायची वाट जितकी अरुंद, तितका इशारा तीव्र. वाट मोकळी केली की ती निघून जाई. पुढे नेल्सन यांनी एका माणसापुरती छोटी पाणबुडी वापरून हेच पाहिले. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पाठलाग चालू ठेवला तेव्हा मुशीने त्या पाणबुडीवरच झडप घातली.

या अभ्यासाने जुना समज उलटा केला. चावा हा बऱ्याचदा भुकेचा नसून भीतीचा असतो, आणि तो टाळण्याची संधी मुशी स्वतःच देते. लक्षद्वीपच्या प्रवाळांभोवती किंवा अंदमानात जाणाऱ्या मराठी पाणबुड्यांना याच करड्या मुशीची गाठ पडू शकते. तिथे लागू पडणारे नियम आणि त्यांची कारणे अशी:

पहिला नियम, थांबा. हात-पाय झाडू नका. झाडण्याने जो आवाज आणि जी थरथर निर्माण होते ती जखमी माशाची असते. शक्य असेल तर पाण्यात उभे राहा. आडव्या शरीरापेक्षा उभे शरीर तिच्या ओळखीच्या भक्ष्यासारखे कमी दिसते.

दुसरा, नजर तिच्यावर ठेवा. ती फिरेल तसे आपणही वळायचे. वाघमुशीसारखी मोठी शार्क मागून येणे पसंत करते. आपल्याला पाहिले गेले आहे हे कळले की तिची धिटाई कमी होते. सोबत्याजवळ सरका, पाठीला पाठ लावा किंवा प्रवाळाची भिंत पाठीशी घ्या. मात्र भिंत पाठीशी घेताना मुशीची वाट आपण अडवत नाही ना, हे पाहायचे. आपली पाठ सुरक्षित आणि तिची वाट मोकळी, या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या.

तिसरा, पाठलाग नको. फोटोसाठी तिच्यामागे जाणे, शेपटी धरणे, तिला खाऊ घालणे यातून चावे झाले आहेत. भाल्याने मासे मारत असाल आणि मुशी आली तर मासा सोडून द्या आणि दूर सरका. तो मासा आता तुमचा राहिलेला नाही.

चौथा, इशारा ओळखा. पर खाली, पाठीला बाक, झटके देत पोहणे, किंवा घेरा लहान करत फिरणे. असे दिसले तर तोंड तिच्याकडे ठेवूनच मागे मागे सरकत वाट सोडायची.

पाचवा, ती अंगाला भिडलीच तर हातातली वस्तू मधे घ्यायची: कॅमेरा, पाटी, पंख्याची चपला. नाकाडावर तळहात टेकवून तिला बाजूला वळवता येते. अनुभवी मार्गदर्शक हे करतात. आणि तिने खरोखर धरले तर मेल्यासारखे पडून राहण्याचा उपयोग नाही. डोळे आणि कल्ले या तिच्या नाजूक जागा. तिथे जोरात आणि पुन्हा पुन्हा मारायचे. नाकावर मारण्याचा सल्ला जुना आहे, पण नाकाखालीच तोंड असते हे विसरू नये.

या सगळ्यांच्या वर एक नियम आहे आणि तो शार्कबद्दल नाही. घाबरून वर झेपावू नका. पाण्याखाली दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. श्वास रोखून कोणी सरळ वर सुटला तर ती हवा फुप्फुसे फाडू शकते. जास्त खोलीवर जास्त वेळ राहिलेला पाणबुड्या घाईत वर आला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला सुमारे नऊ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. आजूबाजूला घिरट्या घालणारी मुशी बहुधा निघून जाईल. घाईत वर येण्याने झालेली इजा तशी जाणार नाही. तेव्हा शार्कसमोर शांत राहण्याचा सल्ला मुख्यतः आपल्याच शरीरापासून आपल्याला वाचवण्यासाठी आहे.

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या पर्यटकांना यातले फारसे लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात मार्गदर्शक हात धरून नेतो, आणि मोठी मुशी क्वचितच दिसते. तिथे कधी व्हेल शार्क दिसलीच तर भीतीचे कारण नाही. बारा मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त वाढणारा हा जगातला सर्वांत मोठा मासा पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. तिला हात लावायचा नाही, पुढून वाट अडवायची नाही, अंगापासून तीन आणि शेपटीपासून चार मीटर दूर राहायचे, फ्लॅश मारायचा नाही. शेपटीचा एक फटका मात्र पुरेसा होतो.

गढूळ पाण्यात

आता पुन्हा वरोरला आणि वैतरणेला येऊ. वर दिलेला जवळजवळ प्रत्येक नियम एका गोष्टीवर उभा आहे: मुशी दिसली पाहिजे. नजर ठेवा, इशारा ओळखा, पाठ भिंतीला लावा. पालघरच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस यातले काहीही करू शकत नाही. त्याला मुशी दिसत नाही, आणि मुशीलाही तो नीट दिसत नाही. तिला फक्त पायांची हालचाल, जाळ्यात धडपडणाऱ्या माशांची थरथर आणि मासळीचा वास कळतो. ती आवाजावर, वासावर आणि विजेवर निर्णय घेते. चुकीला जागा तिथे मोठी असते.

म्हणून गढूळ पाण्यातले नियम पाण्यात उतरण्याआधीचे असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला मोठ्या मुशी खाण्यासाठी जास्त हिंडतात. त्या वेळी खाडीत छातीभर पाण्यात एकट्याने उतरू नये. नदीचे मुख, जेट्टीखालचे खोल पाणी, मासळी साफ करून आतडी टाकण्याची जागा, जाळ्यातला मासा रक्ताळलेला असतो ती जागा, या ठिकाणी जास्त सावध राहावे. अंगावर ताजी जखम असेल तर पाण्यात उतरणे टाळावे. पकडलेले मासे कमरेच्या पिशवीत लटकवून पाण्यात फिरू नये. ते होडीत किंवा काठावर ठेवावेत. पाण्यात बारीक मासळीचे थवे अचानक पांगू लागले, पाणी उसळले, तर खाली काय आहे हे पाहत बसू नये. पाय जमिनीवर सरकवत, न झाडता काठाकडे यावे. यातले बरेचसे जुन्या लोकांना ठाऊक असते. खाडीत मोठी मुशी दिसल्याची बातमी कळली की तांडेल पोरांना पाण्यात सोडत नाही. नियम नवीन नाही. तो शब्दांत मांडलेला नाही एवढेच.

आणि चावा बसलाच तर पुढची काही मिनिटे सर्वांत मोलाची. शार्कच्या हल्ल्यात माणूस मरतो तो मुख्यतः रक्तस्रावाने. जखमेवर कापडाचा बोळा घट्ट दाबून धरायचा. रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, हात-पायाला, रुंद पट्टा करकचून आवळायचा आणि आवळल्याची वेळ लक्षात ठेवायची. पातळ दोरी वापरू नये. ती मांस कापते. माणसाला आडवे ठेवायचे, पांघरूण घालायचे, पाणी-चहा पाजायचा नाही, आणि १०८ ला फोन करायचा. होडीत दोन रुंद पट्टे आणि भरपूर स्वच्छ कापड असणे, हा खाडीकाठच्या माणसाचा खरा शार्कविरोधी उपाय आहे.

जाळ्यात

वरोर-डहाणूच्या किनाऱ्यावरच्या माणसाची मुशीशी गाठ बहुतेक वेळा पाण्यात पडत नाही. ती जाळ्यात पडते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या संग्रहालयात जगभरातल्या शार्क-चाव्यांची नोंद ठेवली जाते. त्यात चाव्यांचे दोन प्रकार करतात: माणसाने काही न करता झालेले, आणि माणसाच्या कृतीमुळे झालेले. जाळ्यातून मुशी सोडवताना झालेला चावा दुसऱ्या प्रकारात जातो. वर्तमानपत्रांत येणारे आकडे पहिल्या प्रकाराचे असतात. जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर, त्यात मृत्यू सहाच्या आसपास. २०२४ साली ते चावे ४७ होते. खलाशाच्या फाटलेल्या बोटांना या आकड्यात जागा नाही. आपल्या किनाऱ्यावर मुशीने माणसाला केलेल्या इजांचा मोठा भाग होडीच्या फळ्यांवर घडतो आणि हळद-कापडात गुंडाळला जाऊन संपतो.

इथेही नियम आहेत. मुशी होडीत आल्यावर शांत पडली म्हणजे मेली असे नव्हे. मेलेल्या मुशीचा जबडाही स्पर्शाने मिटू शकतो. तोंडाकडून हात घालायचा नाही. शेपटीजवळ धरले तरी ती पूर्ण वळून चावू शकते, कारण तिच्या सांगाड्यात हाडे नसून लवचीक कूर्चा आहे. मोठी मुशी जाळ्यात असेल तर जाळे होडीत ओढून घेण्यापेक्षा पाण्यातच कापणे सुरक्षित.

पण जाळे कापणे म्हणजे पैसे कापणे. हीच खरी अडचण आहे आणि या प्रश्नातली खरी गोष्टही. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची यकृताच्या तेलासाठी शिकार होत असे. त्या शिकारीवर माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला, आणि २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. नुसत्या कायद्याने भागले नसते. २००४ पासून मोरारी बापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक म्हटले, ‘व्हाली’ हे नाव रुजले, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली. मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क स्वतःच्या जाळ्यातून सोडल्या. महाराष्ट्रातही २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वन विभागाच्या कांदळवन प्रतिष्ठानाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने सुरू केली. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ पुरावा लागतो. होडीतला फोन हे आता मुशी वाचवण्याचे एक अवजार झाले आहे.

माहेराची उपमा आपल्या किनाऱ्यालाही चपखल बसते. ज्या किनाऱ्यावर बाळंतीण मुशीचे कालवण खाते, त्याच किनाऱ्याच्या उथळ, गढूळ पाण्यात अनेक जातींच्या मुशी आपली पिल्ले घालतात. त्या इतर माशांसारखी लाखो अंडी टाकत नाहीत. मोठ्या जातींना वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, गाभणपण बऱ्याचदा दहा-अकरा महिन्यांचे, आणि पिल्ले मोजकी. अशा प्राण्याची झपाट्याने मासेमारी झाली तर तो पुन्हा भरून येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो. २०२१ च्या एका अभ्यासात १९७० पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हातभर लांबीची मुशी लवकर वयात येते म्हणून अजून टोपलीत दिसते. तिच्या मोठ्या बहिणी टोपलीतून आधीच गेल्या आहेत.

वाट

वरोरच्या शेजारी वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदरासाठी समुद्रात भराव घालून सुमारे १४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने याच जागेवरचा आधीचा बंदर प्रस्ताव नाकारला होता. पंचवीस वर्षांनी, २०२३ साली, त्याच प्राधिकरणाने नव्या बंदराला अटींसह मंजुरी दिली. बंदर हवे की नको, यावर इथल्या घराघरांत भांडणे आहेत आणि त्यांचा निवाडा या लेखाचा विषय नाही. या लेखापुरते एवढेच: ज्या उथळ पाण्यात मुशी पिल्ले घालतात, त्याची वाट भरावाने, गाळ उपसण्याने आणि जहाजांच्या आवाजाने बदलणार आहे. वाट बदललेली मोठी मुशी कुठे जाईल, कोणत्या खाडीत शिरेल, हे किनाऱ्यावरच्या माणसालाच सगळ्यांत आधी कळेल, कारण तोच पाण्यात असेल. मनोरच्या तरुणाला ते कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

एनिवेटोकच्या प्रवाळात दोन संशोधकांना जे दिसले, तेच खाडीत आणि जाळ्यातही खरे आहे. मुशी सर्वांत धोकादायक होते ती वाट बंद झाल्यावर. स्वच्छ पाण्यात तिची वाट दिसते, म्हणून आपण मागे सरकायचे. गढूळ पाण्यात ती दिसत नाही, म्हणून आपण आधीच तिच्या वाटेत उभे राहायचे टाळायचे. जाळ्यात तिची वाट आपणच बंद केलेली असते, म्हणून सुरी काढून ती उघडून द्यायची, आणि त्या कापलेल्या जाळ्याचे पैसे एकट्या मच्छीमारावर पडणार नाहीत हे बाकीच्यांनी पाहायचे.

वरोरच्या किनाऱ्यावर भरती लागते तेव्हा काळे खडक एकेक करून पाण्याखाली जातात. बायका शिंपल्या-खेकड्यांच्या टोपल्या घेऊन काठाकडे येतात. पाणी मागून येते आहे, हे त्या वळून पाहत नाहीत. पायाखालच्या वाळूवरून त्यांना ते कळते. किती वेळ पाण्यात राहायचे आणि केव्हा निघायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. पाण्याखालच्या त्या दुसऱ्या रहिवाशाशी वागतानाही आपल्याला तेवढेच शिकायचे आहे.